सत्तावीस लिहा म्हटलं की बहात्तर का येतं?

नमस्कार पालकहो, ग्रुपवर एवढं लांबलचक कोण वाचणार म्हणून इथेच लिहितेय, लिंक टाकते.

या आठवड्यात आपली तिसरी दुकान दुकान खेळली. त्याचं कारण 52 वजा 27. अर्ध्या वर्गाचं उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत ना, मग मुलं गुपचूप सातातून दोन काढतात आणि मोकळी होतात. फळ्यावर दहा वेळा समजावून झालं, मान डोलावतात आणि पुन्हा 35. मग खोट्या दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी हातात दिली, म्हटलं आता दुकानदाराला सत्तावीस दे. दोन नोटा पटकन दिल्या आणि सात रुपयांवर गाडी अडली. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सुट्टे करायला लागतील!" झालं की! पुस्तकात दशक सुट्टा करणे म्हणतात ते हेच, एसटीत कंडक्टर रोज तेच मागतो आपल्याकडे. हे कळलं की मग वहीतला हातचा कळतो, म्हणून घरी "असंच असतं, पाठ कर" म्हणू नका प्लीज.

आता दुसरी भानगड. सत्तावीस सांगितलं की बरेच जण 72 लिहितात. मूल ढ नाहीये हो. आपण मराठीत आधी सात म्हणतो मग वीस, त्यामुळे हात पण आधी सातच लिहितो. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात वीस सात, साठ दोन असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, विनोद तर किती फिरले. मी पण तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांतलीच होते, आता वर्गात चाचपडणाऱ्या मुलाला आधी वीस सात म्हणायला लावते आणि मग सत्तावीस. दोन्ही यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

आणि एकोण! एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना बरोबर येतं. बाकीचे फिफ्टी नाईन म्हणतात, कारण घरात मोबाईल नंबर, भाव, तारीख सगळं इंग्रजीतच चाललेलं असतं. (माझ्या घरी पण तेच, लपवत नाही.)

तर होमवर्क असा, जेवायला बसलात की रोज पाच आकडे मराठीत सांगा, मूल लिहील. एकोणतीस, एकोणसत्तर असले दोन तरी हवेत. ज्यांचे टोमॅटो मार्केटला जातात त्यांनी कॅरेटचा भाव सांगा, तीनशे सत्तर, चारशे पंचवीस, जो काय मिळाला तो. चुकलं तर खोडून देऊ नका, चूक मला बघायचीय. मागच्या वेळी चार वह्यांत अक्षर सरळ सरळ आईचं होतं, मी काही बोलले नाही, पण कळतं.

मराठीचं वाचन रोज 10 मिनिटं, मोठ्याने, तुम्ही कामात असलात तरी कान द्या. परिसर अभ्यासाचं पुढच्या आठवड्यात बघू.

शनिवारी दप्तर नको, फक्त जुन्या खराट्याच्या काड्या आणि रबरबँड पाठवा, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचेत. जुन्या म्हणतेय. गेल्या वर्षी एकाने नवाकोरा खराटा सोडून आणला होता आणि त्याची आई दुपारी शाळेत.