बेसमेंटमधले खोके

रविवार रात्र. पाऊस थांबलाय, लाइट पण आहेत, नवलच.

भाच्याने सध्या कुठलीतरी वेब सिरीज धरलीय, ऐंशीच्या दशकातली अमेरिका, सायकलवरची पोरं, वॉकीटॉकी वगैरे. जेवताना विचारतो, मावशी, तू होतीस ना तिथे, खरंच असं असायचं का गं? म्हटलं हो, सायकली होत्या, बाकीचं मला माहीत नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

आम्ही १९७९ ला गेलो, मी सहा वर्षांची, दादा नऊ, डोंबिवलीतून उचलले ते थेट न्यू जर्सी. आधी अपार्टमेंट, मग १९८२ च्या सुरुवातीला एडिसनमध्ये घर. घरकर्जाचा दर तेव्हा १७ टक्क्यांच्या आसपास होता, आदल्या वर्षी तर १८ च्या वर जाऊन आला होता, आणि तरी बाबांनी घर घेतलं, आणि वर म्हणायचे काय तर पाच वर्षांत परत जायचंय. आता एवढ्या व्याजाने तीस वर्षांचं कर्ज घेणारा माणूस पाच वर्षांत परत कसा जाणार हा प्रश्न आम्हाला पडायचं वय नव्हतं आणि आईला पडला असला तरी ती बोलली नाही.

परत जायचंय, म्हणून आमच्याकडे एकही खोका फेकला जायचा नाही. टीव्हीचा, मिक्सरचा, व्हॅक्युम क्लीनरचा, थर्माकोलसकट सगळे बेसमेंटमध्ये, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं. मित्रमैत्रिणींच्या बेसमेंटमध्ये कार्पेट, सोफा, पिंगपाँगचं टेबल, आमच्याकडे नुसते खोके. पण लपाछपीला आमच्याइतकं भारी बेसमेंट अख्ख्या गल्लीत नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. समोरच्या घरातला मुलगा एकदा टीव्हीच्या खोक्यात बसून राहिला आणि सापडेचना, शेवटी त्याची आई दारात येऊन हाका मारायला लागली तेव्हा बाहेर आला, केसात थर्माकोलचे दाणे.

आणि हो, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की घरी यायचं हा नियम खराच होता. तोपर्यंत आपण कुठे आहोत हे आईवडिलांना नक्की माहीत नसायचं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही. म्हणजे इतरांच्या आयांना. आमची आई साधारण १९८५ पासून घाबरायला लागली, कारण दुधाच्या कार्टनवर हरवलेल्या मुलांचे फोटो यायला लागले. सकाळी सिरिअलवर दूध ओतताना समोर कुणातरी मुलाचा चेहरा, नाव, उंची, वजन, शेवटचं कुठे दिसलं. आई ते कार्टन फिरवून ठेवायची, फोटो भिंतीकडे. दादा मुद्दाम परत आमच्याकडे फिरवायचा.

जूनमध्ये शाळा संपली की काजवे. मेयोनेजच्या रिकाम्या बरणीत धरायचे, झाकणाला खिळ्याने भोकं. आइस्क्रीमचा ट्रक ती ठरावीक धून वाजवत यायचा आणि आई म्हणायची घरात आहे आइस्क्रीम, ते खा. घरातल्या आइस्क्रीमला ट्रकची सर नाही हे जगातल्या कुठल्याही आईला पटत नसावं.

टीव्हीवर २, ४, ५, ७, ९, ११ आणि १३ एवढे चॅनल, सगळे न्यूयॉर्कचे. केबल नाही, फालतू खर्च. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं ते सुरुवातीला दिसायचं आमच्याच राज्यात, उत्तरेकडच्या थोड्याशा केबलवाल्यांकडे, मॅनहॅटनमध्ये सुद्धा नाही, सुरुवातीची पार्टी पण आमच्याच राज्यातल्या फोर्ट लीत झाली म्हणे. इतक्या जवळ असून मी ते पाहिलं ते मैत्रिणीच्या घरी, ते पण पुष्कळ नंतर.

खाण्याचं मात्र लिहायलाच पाहिजे. एडिसनचा ओक ट्री रोड म्हटलं की आता लोकांना साड्यांची दुकानं आणि पाणीपुरी आठवते, पण आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे तसं फारसं काही नव्हतं. सामानासाठी जर्सी सिटीला न्यूअर्क अॅव्हेन्यू, नाहीतर क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्स, सकाळी निघायचं ते संध्याकाळी हिंगाचा वास गाडीभर घेऊन यायचं. मधल्या दिवसांत मग सुपरमार्केटात जे मिळेल त्याचं मराठीकरण. राइस क्रिस्पीजची भेळ. क्रीम ऑफ व्हीटचा शिरा. बिस्क्विक म्हणजे खरं तर पॅनकेकचं पीठ, त्यात दूध पावडर घालून गुलाबजाम, आणि ते उत्तम व्हायचे, चितळ्यांच्या तोंडात मारतील असे, हे मी पुण्यात बसून लिहितेय याची मला कल्पना आहे. श्रीखंड सावर क्रीमचं. ते मात्र मला कधीच नाही आवडलं, आणि तिथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक काकू तेच करून आणायच्या.

मंडळाचा गणपती तिथीला यायचा नाही, शनिवारी यायचा, शाळेचा हॉल भाड्याने मिळेल तेव्हा. आरती बास्केटबॉलच्या जाळीखाली. १९८४ ला शिकागोला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे तिथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन झालं, आमच्या ओळखीतली काही मंडळी गाडी चालवत गेली आणि पुढे कित्येक महिने त्याच गप्पा.

एक दिवस फार आठवतो. २५ जून १९८३, शनिवार. लॉर्ड्सला फायनल, आणि अमेरिकेत कुणाला पत्ता नाही. बाबा सकाळपासून मागच्या अंगणात शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन, एरिअलला आणखी एक वायर जोडून ती आईच्या कपड्यांच्या दोरीला बांधलेली, बीबीसी मधेच यायचं मधेच खरखर. १८३ वर ऑल आउट ऐकल्यावर रेडिओ बंद करून लॉन कापायला गेले, परत आले, परत लावला. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला कळलं, वेस्ट इंडिज १४०, आपण ४३ रन्सनी जिंकलो. बाबा ओरडत घराच्या पुढच्या बाजूला धावले. आणि तिथे ड्राइव्हवेवर उभे राहिले, कारण सांगायचं कुणाला? शेजारचे काका, रिटायर्ड, होजने गाडी धूत होते. बाबांनी त्यांना सांगितलं, वी वन द वर्ल्ड कप. ते म्हणाले, दॅट्स ग्रेट, कशाचा? बाबांनी मग त्यांना क्रिकेट समजावलं, बराच वेळ, बेसबॉलची उदाहरणं देऊन, आणि त्या माणसाने होज बंद करून सगळं ऐकलं. मग आत येऊन फोन, सगळ्या मराठी घरांना एकेक करून, त्यातल्या निम्म्या घरांचे फोन एंगेज कारण तेही तेच करत होते. इंडियात फोन नाही लावला. मिनिटाचे डॉलर मोजायचे दिवस, तो बारशाला किंवा कुणी गेलं तरच.

दुसरा दिवस २८ जानेवारी १९८६. चॅलेंजर अंतराळयान. त्यातून एक शाळाशिक्षिका जाणार म्हणून आमच्या वर्गात ट्रॉलीवरून टीव्ही आणला होता. ७३ सेकंदांत यान फुटलं. आम्हाला आधी वाटलं असंच दिसत असेल. टीचर उठून टीव्ही बंद करायला गेल्या आणि हात बटणावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन टीव्हीवर बोलले तेव्हा आई पोळ्या अर्धवट टाकून बाहेर आली. एरवी ती आम्हा मुलांशी बोलताना नेहमी ‘तुमच्या अमेरिकेत’ म्हणायची, त्या संध्याकाळी नाही म्हणाली.

सगळंच काही गोड नव्हतं. १९८४ ला एका हॉलिवूड पिक्चरमध्ये आपली माणसं मेजवानीत माकडाचा मेंदू खाताना दाखवली, तर शाळेत डबा उघडला की प्रश्न, म्हणून मी पीनट बटर सँडविचवर आले. आणि १९८७ ला जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाच्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्यांना, एकूणच भारतीयांना मारायची धमकी पेपरला पत्र लिहून दिली, मारहाण झाली, त्याच वर्षी हल्ल्यात एक तरुण गेला. त्यानंतर सामानाला जाताना आई टर्नपाइक हायवेवर गाडीतच टिकली काढून डॅशबोर्डला चिकटवायची. येताना परत लावायची. ते सिरीजवाले असलं काही दाखवतात का, भाच्याला विचारायचं राहिलं.

आणि मग १९८९ ला बाबा खरंच परत निघाले! कुणाचा विश्वास बसेना, मंडळात तर पैजा लागल्या होत्या. मी सोळा वर्षांची, रडून गोंधळ घातला, दादा कॉलेजला तिथेच राहिला. खोके मात्र शेवटी कामाला आले, प्रत्येक वस्तू आपापल्या खोक्यात, आपापल्या थर्माकोलमध्ये बसली आणि बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. फक्त ते सगळं ११० व्होल्टचं, म्हणून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत बसलेला, आणि टीव्ही व्हीसीआर एनटीएससी या अमेरिकन पद्धतीचे, म्हणजे इथली कॅसेट त्यावर लागायची नाही. लागायच्या त्या आम्ही एडिसनला रेकॉर्ड केलेल्या, शनिवार सकाळची कार्टून्स, मधल्या जाहिरातींसकट. माझी आत्येभावंडं सुट्टीत येऊन त्याच त्या बघायची आणि सदाशिव पेठेतल्या पोरांना अमेरिकन सिरिअलची गाणी तोंडपाठ झाली, सिरिअल कधी न खाता.

त्यातल्या सात-आठ कॅसेटी अजून आहेत, बुरशी आलीय का बघायला पाहिजे. तपकीर गल्लीत एकजण डिजिटल करून देतो म्हणे, एनटीएससी म्हटल्यावर किती सांगतो ते उद्या फोन करून विचारते.