माशेलातली सहा तासांची पाळी

आषाढी द्वादशीला गोव्यातल्या माशेलात चिखलकाला असतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल लावलेले पुरुष आणि पोरं चिखलात लोळतात, आणि भर पावसात माणसं बघायला लोटतात. त्या दिवशी माझी माशेलातच एका घरी कामाची पाळी होती. मी घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करते. पण अशा पाळीला बोलावतात ते घरच्या बाईला जरा उसंत मिळावी म्हणून. या घरच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, काला बघायचा होता. देऊळ हाकेच्या अंतरावर, तरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना ते जमलं नव्हतं.

सासूबाईंना अर्धांगवायू, नाकातून भरवायची नळी. पहिला तासभर वहिनी खाटेपासून हलल्याच नाहीत. भरवताना पाठ उंच ठेवायची, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर पेज फुफ्फुसात जाऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलायची. हे मला येतं, तरी मी मध्ये बोलले नाही. कारण पुढे त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत: वळवण्याआधी खांद्यावर हात ठेवून "आई, वळूया" म्हणायचं, नाहीतर त्या दचकून नळी ओढतात. सासूबाईंच्या पाठीवर, टाचांवर एकही व्रण नव्हता. एवढी निगा मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

सासूबाईंचा रक्तदाब मोजला, आणि यंत्र हातात होतंच म्हणून वहिनींचाही. १८०/११०, म्हणजे खूपच जास्त. थोडा वेळ बसवून पुन्हा घेतला, तेवढाच. डोकं दोन दिवस ठणकत होतं, "झोप नाही ना," म्हणाल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधीच्या संपल्या होत्या. त्याच घरात सासूबाईंचं औषध एक वेळही चुकलं नव्हतं.

मी त्यांच्या यजमानांना कुंडईच्या कारखान्यात फोन लावला. ते आले आणि स्कूटरवरून वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. निघताना वहिनी मलाच म्हणाल्या, "तुमची पाळी फुकट जाते ओ." मला रडू आलं.

वहिनींच्या नणंदेचं म्हणणं, घरची माणसं असताना बाहेरची बाई कशाला? पण बहुतेक घरांत घरची माणसं म्हणजे एकच बाई असते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे सासूबाईंना मिळतात, ते हवेतच. त्यातून झोप मात्र विकत मिळत नाही. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'समर्थ' ही अशा विसाव्यासाठीच सुरू झालेली योजना, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी. पक्षाघाताने पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांसाठीही तशी सोय हवी, आणि ती बाई कोसळण्याआधी हवी.

वहिनी गोळ्या घेऊन आल्या तेव्हा काला संपला होता. त्या आतल्या खोलीत झोपल्या. यजमानांना मी तिथेच बसवलं आणि दुपारचं भरवणं त्यांच्या हातून करून घेतलं. पहिल्यांदा हात थरथरत होता, पण पेज सावकाश सोडली. रविवारचं भरवणं आता त्यांच्याकडे आहे.