शेजारच्या सीटवरून

सिडनीतल्या मराठी घरात मूल सोळाचं झालं की गप्पांत एक नवा विषय येतो: लॉगबुक. इथे न्यू साउथ वेल्समध्ये १६व्या वर्षी कारचं शिकाऊ लायसन्स मिळतं, पण पुढच्या, लाल पी प्लेटच्या (म्हणजे एकट्याने गाडी चालवू देणाऱ्या तात्पुरत्या लायसन्सच्या) परीक्षेला बसायचं तर पंचविशीच्या आतल्या मुलांना १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. त्यातले २० तास रात्रीचे. शेजारी पूर्ण लायसन्स असलेली व्यक्ती हवीच. इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास तीन तासांएवढा धरतात, पण त्याला मर्यादा आहे. त्यामुळे बहुतेक तास आईबाबांच्याच वाट्याला येतात.

आपल्याकडे कारसाठी अठरा पूर्ण व्हावी लागतात आणि शिकवणं बहुधा ड्रायव्हिंग स्कूलवर सोपवलेलं असतं. इथल्या नियमामागचा हेतू अर्थात सुरक्षिततेचा आहे. पण वयात आलेल्या मुलांशी बोलणं कमी झालंय असं ज्या घरांना वाटतं, त्यांच्यासाठी मला तो वरदानच वाटतो.

पहिलं कारण फोन. शिकाऊ मुलाला गाडीत फोन वापरायची पूर्ण बंदी, हँड्सफ्रीसुद्धा चालत नाही. शेजारी बसलेल्यालाही तो हातात घेता येत नाही. दोघांच्याही हातात फोन नाही, असा सलग तासभर एरवी घरात कुठे मिळतो?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपण गाडी चालवतो तेव्हा मूल शेजारी अडकलेलं असतं, आणि आपण ती संधी साधून अभ्यासाचं काढतो. मूल चालवायला लागलं की सगळं उलटं होतं. कधी बोलायचं, कधी थांबायचं हे ते ठरवतं. नकोसा प्रश्न आला तर "थांब, लेन बदलतेय" म्हणायची सोय त्याच्याकडे असते. आणि आपल्याला ओरडता येत नाही, कारण आपण दचकलो की स्टिअरिंग धरलेले हात दचकतात.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री आम्ही एम-फोर मोटरवेवर चढत होतो. मागून ट्रक येत होता, लेकीचं लक्ष आरशात. ट्रक पुढे गेला, ती नीट लेनमध्ये आली आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आई, मला एक्स्टेन्शन मॅथ्स सोडायचंय. लगेच काही बोलू नकोस."

इथल्या आपल्या लोकांत एक्स्टेन्शन मॅथ्स, म्हणजे शाळेतलं वरच्या पातळीचं गणित, हा प्रतिष्ठेचा विषय आहे, हे तिलाही ठाऊक. माझ्या तोंडावर दहा वाक्यं आली होती. पुढचा एक्झिट येईपर्यंत मी गप्प राहिले आणि मग एवढंच विचारलं, "कधीपासून वाटतंय तुला असं?"

त्यावर ती घरी पोचेपर्यंत बोलत होती. वर्गात मागे पडतेय हे कुणाला कळू नये म्हणून ती काय काय करत होती, रात्री झोप का लागत नव्हती, सगळं. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून हे तिने सांगितलं असतं असं मला अजिबात वाटत नाही. गाडीत कुणी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतं. विषयाचा निर्णय पुढे आम्ही तिघांनी बसून घेतला.

गाडी शिकवताना आणखी एक सवय लागते: वेळेआधी, थोडक्यात आणि फक्त कृतीबद्दल बोलायची. "किती बेफिकीर आहेस!" याचा राउंडअबाउटवर काडीचा उपयोग नाही. "पुढे राउंडअबाउट आहे, वेग कमी कर, उजवीकडे बघ" याचा आहे. खोलीतला पसारा, रात्रीची जागरणं, मार्क, सगळीकडे हीच रीत चालते, असा माझा अनुभव. मुलाच्या स्वभावावर शेरा मारला की ते स्वतःचा बचाव करायला लागतं. काय करायचं तेवढं सांगितलं, तर निदान ऐकून तरी घेतं. आणि झालेल्या चुकांची चर्चा गाडी उभी केल्यावर. चालत्या गाडीत नाही, तशीच ती पाहुण्यांसमोरही नाही.

तिकडच्या मैत्रिणी विचारतात, आम्ही काय करायचं? गाडीच हवी असं नाही. दोघांचे हात कामात, नजर एकमेकांवर नाही आणि सूत्रं मुलाच्या हातात, एवढं जमलं तरी पुरे. तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा चांगलं येतं असं एखादं काम निवडा, मदतनीस म्हणून शेजारी बसा, आणि पहिला प्रश्न त्या कामाबद्दलच विचारा.