एक स्लाइड, दोन नावं

डायनासोरच्या मानेवरच्या हाडाच्या झालरीचा तळहाताएवढा तुकडा माझ्याकडे कापायला आला, तेव्हा चिठ्ठीवर दोन नावं होती. 'टोरोसॉरस' खोडलेलं, खाली क्युरेटरसरांच्या अक्षरात 'ट्रायसेराटॉप्स, म्हातारा'.

दोन्ही नावं अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ मार्शनंच दिलेली, 1889 आणि 1891 मध्ये. मानेवरची झालर भरीव तर ट्रायसेराटॉप्स, तिला दोन मोठी भोकं तर टोरोसॉरस, असं शंभरावर वर्षं सुखानं चाललं. 2010 मध्ये स्कॅनेला आणि हॉर्नर या जीवाश्मशास्त्रज्ञांनी मांडलं की वयाबरोबर झालर पातळ होऊन भोकं पडतात, म्हणजे दोघं एकच. लगेच 'ट्रायसेराटॉप्स कधी नव्हताच' अशा बातम्या! अहो, आधी दिलेलं नाव टिकतं. गेलंच असतं तर टोरोसॉरस गेलं असतं. पण मथळ्यापुढे कोण वाचतो?

तुकड्याची एक कड गुळगुळीत, आत वळलेली. भोकाची कड, की तुटल्यावर झिजलेली मोड? तुकडा रेझिनमध्ये बसवला, हिऱ्याच्या पात्यानं काप घेतला, काचेवर चिकटवला. पुढचं घासणं मी मशीनवर सोडत नाही. ओली बारीक पावडर, बोटांखाली काच, थोडं घासून धुवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, परत घासायचं. उजेड आरपार जायला लागला की हात आवरायचा, कारण आधी कडाच उडतात, आणि मला कडच हवी होती.

कड वाचली. बाहेरचा थर अखंड वळून पलीकडे गेलेला. मोड नव्हेच, जिवंतपणीची कड. आत ऑस्टिऑनवर ऑस्टिऑन, म्हणजे हाड नव्यानं भरताना बनणारी गोल वेटोळी, जुन्याला खाऊन नवं, त्यालाही खाऊन आणखी नवं. मूळ हाड जवळपास संपलेलं.

"बघ, म्हातारा!" सर म्हणाले.

"सर, पण भोक आहे."

दोघंही बरोबर, हीच पंचाईत. स्लाइड वय सांगते, जीनस (कुळाखालचा गट, इथं ट्रायसेराटॉप्स की टोरोसॉरस) नाही. म्हातारा टोरोसॉरसही असाच दिसणार. लाँगरिच आणि फील्ड या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की पूर्ण वाढ झालेले ट्रायसेराटॉप्स आहेत आणि वाढ अपुरी असलेला टोरोसॉरसही. शिवाय झालरीच्या काठावरची टोकं टोरोसॉरसला जास्त. म्हातारपणी ती नव्यानं कशी फुटतील? सरांचं उत्तर मला पटलेलं नाही. मात्र 'मग टोरोसॉरसची पिल्लं कुठं आहेत?' हा त्यांचा प्रश्न मलाही टोचतो.

कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरला जीनसच्या रकान्यात प्रश्नचिन्ह चालत नाही. मी कुळापाशी, 'सेराटॉप्सिडी' लिहून थांबलो. सरांनी संध्याकाळी रकाना भरला. मी शेऱ्यात कडेचा फोटो जोडून ठेवलाय.