रस्ता नको म्हणणारं गाव

इक्वाडोरच्या अमेझॉन भागात, पास्तासा प्रांतात, बोबोनासा नदीच्या दोन्ही काठांवर सारायाकू नावाचं किच्वा या आदिवासी लोकांचं गाव आहे. वस्ती साधारण बाराशे, तीही वाड्या-वाड्यांत विखुरलेली. पुयो हे प्रांताचं शहर तिथून ६५ किलोमीटरवर, पण गावापर्यंत रस्ता नाही. एकतर नदीतून होडीनं जायचं, नाहीतर शेल नावाच्या गावातून चार-पाच माणसांच्या विमानानं. शेल हे त्या प्रसिद्ध तेल कंपनीचंच नाव. १९३७ मध्ये तेल शोधायला आलेल्या त्या कंपनीनं तिथे धावपट्टी बांधली. पुढे कंपनी गेली, नाव आणि धावपट्टी राहिली.

मी एका छोट्या आरोग्यपथकाबरोबर स्पॅनिशची दुभाषी म्हणून गेले होते. जाताना होडी होती, खोडातून कोरलेली, लांब आणि अरुंद. पाणी कमी असेल तिथे मोटर वर उचलायची, उतरायचं आणि ढकलायचं. ते कुणी सांगत नाही, पुढची बाई उतरली की आपणही उतरायचं. वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला, तर तोच प्रवाह सकाळी अंगावर येतो आणि होडी निघतच नाही. त्यामुळे 'कधी पोहोचू?' या प्रश्नाला तिथे कुणी घड्याळातलं उत्तर देत नाही. सगळे आधी पाण्याकडे बघतात.

माझी सोय एका आजींच्या घरात झाली होती. वर पानांनी शाकारलेलं छप्पर, चिरलेल्या ताडाच्या पट्ट्यांची जमीन, भिंती जवळजवळ नाहीतच. आत चूल सतत धुमसत असते. मला वाटलं डासांसाठी, पण मुख्य कारण छप्पर: धुरामुळे पानांना कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. पहाटे, पूर्ण अंधार असताना, आजी वायुसा उकळायच्या. ही एका झाडाच्या पानांची कडक चहासारखी कॉफी म्हणा की कॉफीसारखा चहा. ती पीत सगळे रात्रीची स्वप्नं सांगतात आणि त्यावर दिवसाची कामं ठरतात. मला काय स्वप्न पडलं, असं त्यांनी विचारलं. 'गाडी चुकल्याचं,' म्हणाले. यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला की आज मी नदीवर एकटीनं जाऊ नये.

चिचा या तिथल्या आंबवलेल्या पेयाबद्दल तुम्ही वाचलं असेल. ती युकाची करतात, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याची. उकडलेला युका मोठ्या काथवटीत कुटायचा, त्यातला काही भाग चावून परत त्यातच टाकायचा, आणि माठात आंबू द्यायचा. लाळेमुळे पिठाची साखर व्हायला लागते, बाकी काम आंबण्याचं. चव आंबट ताकासारखी, जराशी दाट. आपल्याकडची माणसं ऐकूनच तोंड वाकडं करतात. पण चिचा म्हणजे तिथलं जेवण आहे, निम्मा दिवस माणसं त्यावरच काम करतात. युका लावणं, काढणं, चिचा करणं, ती वाढणं, सगळं बायकांच्या हातात. ज्या वाडग्यातून ती देतात त्या मुकावाही बायकाच घडवतात, चाकाशिवाय, आणि त्यावरची बारीक नक्षी स्वतःच्या केसांच्या कुंचल्यानं काढतात. पुरुष घरात नुसता बसून वाट बघतो. हे मला मनापासून आवडलं.

आता मूळ गोष्ट. मी पहिल्याच आठवड्यात आजींच्या सुनेला विचारलं, इथे रस्ता यावा असं वाटत नाही का? ती शाळेत शिकवते, स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं. ती म्हणाली, "रस्त्यावरून आधी करवत येते. मग ट्रक, मग दारूचं दुकान. अँब्युलन्स सगळ्यात शेवटी. तीही पंक्चर झालेली."

यामागे इतिहास आहे. १९९२ मध्ये पास्तासाचे आदिवासी पुयोहून राजधानी क्विटोपर्यंत चालत गेले आणि जमिनीचे कागद मिळवून आले. सारायाकूच्या वाट्याला सुमारे १,३५,००० हेक्टर. पण जमीन त्यांची आणि जमिनीखालचं सरकारचं. १९९६ मध्ये सरकारी तेल कंपनीनं अर्जेंटिनाच्या सीजीसी कंपनीच्या गटाबरोबर करार केला, आणि त्या तेल-पट्ट्यात गावाची निम्म्याहून जास्त जमीन गेली. गावाला कुणी विचारलं नाही. २००२-०३ मध्ये कंपनीची माणसं सैनिकांच्या संरक्षणात आत शिरली आणि भूकंपीय चाचणीसाठी, म्हणजे जमिनीत स्फोट करून खाली तेल कुठे आहे याचा अंदाज घेण्यासाठी, खोदलेल्या ४६७ विहिरींत सुमारे १,४०० किलो पेंटोलाइट हे स्फोटक पुरलं. गाव शेतं सोडून हद्दीवर छावण्या टाकून बसलं, पोराबाळांसकट. काही महिन्यांनी घरातला युका संपला. आजी त्या काळाबद्दल बोलताना कंपनीला शिव्या देत नाहीत. त्यांना आठवतं ते एवढंच, की माठ रिकामे होते.

गाव आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाचे लोक स्वतः गावात येऊन गेले आणि २७ जून २०१२ ला निकाल गावाच्या बाजूनं लागला: आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. भरपाईही मिळाली. २०१४ मध्ये मंत्री गावात येऊन माफी मागून गेले. खोलवर पुरलेलं स्फोटक मात्र अजून जंगलात आहे. शिकारीला जाणाऱ्या पोरांना कुठे पाय टाकायचा नाही ते सांगितलेलं असतं.

म्हणून रस्ता नको. हे मला पटलं आणि तरीही पूर्ण पचलं नाही, कारण मी आरोग्यपथकात होते. आमच्या मुक्कामात एका माणसाला युकाच्या शेतात साप चावला. तिकडे त्याला 'एकिस' म्हणतात, पाठीवर फुल्या असतात म्हणून. रेडिओवरून विमान मागवलं. ढग इतके खाली होते की विमान निघालंच नाही. नदीनं जायचं तर प्रवाहाविरुद्ध, आणि त्यातून रात्र. आमच्याकडे प्रतिविषाच्या कुप्या होत्या, तेवढ्यावर त्यानं दुसऱ्या दुपारपर्यंत तग धरला. पाय वाचला. आम्ही नसतो तर? हे मी सुनेला विचारलं. तिनं खांदे उडवले नाहीत की तत्त्वज्ञानही सांगितलं नाही. म्हणाली, "तेव्हा माणसं जातात. माझा दीर गेला."

जंगलात राहणाऱ्यांचं कौतुक करणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये, असं मला वाटतं. आणि त्यांना 'मागास' म्हणणाऱ्यांनी रिकाम्या माठांचं गाळू नये. २०२० च्या मार्चमध्ये बोबोनासाला मोठा पूर आला, घरं, शेतं, पूल वाहून गेले, आणि नेमकी तेव्हाच करोनाची टाळेबंदी लागली. तेव्हाही तेच: बाहेरून येणारं सगळं आकाशातून, आणि आतलं सगळं पुन्हा पहिल्यापासून लावायचं.

गावाची मागणी साधी आहे, रस्त्याशिवाय दवाखाना. विमान वेळेवर हवं, होडीला इंधन हवं, प्रतिविष थंड राहायला वीज हवी. आम्ही निघण्याआधी सभा झाली ती याच तिसऱ्या गोष्टीवर. सौरऊर्जेवर चालणारा छोटा फ्रिज आरोग्यकेंद्रात ठेवायचा की शाळेत? शाळेची पॅनेलं मोठी, पण केंद्राला कुलूप आहे. म्हातारी मंडळी, तरुण, चिचा फिरवणाऱ्या बायका, सगळे बोलले, मध्ये पाऊस आला, छपराखाली सरकून पुन्हा बोलले. अंधार पडता पडता शाळेच्या बाजूनं कौल गेला. फ्रिजची किल्ली आजींच्या सुनेकडे, आणि त्यात मासे ठेवणाऱ्याला पुढच्या श्रमदानात नाल्याची सफाई.