चरांना पंधरा मिनिटं

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचे, पाहुणे येणार म्हटलं की आमच्या संस्थेत लगीनघाई. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा हंगाम. मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के त्यांना या कामांवर खर्च करायचे असतात. 31 मार्च जवळ आला की कंपन्यांना एकदम गावं आठवतात. यंदाच्यांनी मंगळवार कळवला, आणि सोबत 'वेरूळ जमवता येईल ना?' वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. तसं कळवल्यावर उलट टपाली उत्तर आलं, मग संभाजीनगर शहरातलं काहीतरी दाखवा.

सकाळी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांची भेट. वेळ दहाची, साहेब उगवले साडेअकराला. चहा, शाल-श्रीफळ, फोटो. (शाल आम्हीच नेलेली.) मग बचत गटाची बैठक. बायका बिचाऱ्या मजुरी बुडवून सकाळपासून ताटकळलेल्या. एवढं करून ज्यासाठी कंपनीने पैसे दिले, त्या पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्या-मुरवण्याच्या, कामाला वेळ उरला पंधरा मिनिटं.

पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यायचं. वर माळावर सलग समतल चर, ओघळींत दगडी बांध, सगळ्यात शेवटी नाल्यात सिमेंटचा बंधारा. वरचं टाळून आधी बंधारा बांधला तर तो बघता बघता गाळाने भरतो. पाहुण्यांना मात्र बंधाराच आवडतो, कारण त्यावर कंपनीचं नाव रंगवता येतं. चरावर काय रंगवणार?

खरी कारागिरी त्या चरांतच आहे. ए-फ्रेम म्हणजे तीन बांबू आणि मधोमध दोरीला लटकवलेला दगड. ती फिरवत, फक्की टाकत गावच्या पोरांनी समपातळीच्या रेषा आखल्या. चर जरा उताराला गेला की पाणी मुरायचं सोडून एका टोकाला धावतं आणि तिथूनच बांध फोडतं. म्हणून एकेक रेषा पुन्हा तपासून घेतली. खोदलेली माती उताराच्या बाजूला रचली, वर हमाटा नावाच्या चाऱ्याचं बी टाकलं. मी हे पोटतिडकीने सांगत होतो तेव्हा त्यांच्यातले वरिष्ठ साहेब ड्रोन कुठून उडवायचा ते बघत होते. "चर निम्मे बुजलेत साहेब, पावसाच्या आत गाळ काढायला पाहिजे," सरपंचताई म्हणाल्या. ते कोणी टिपून घेतलं नाही. गाड्या शहराकडे निघाल्या.

तिथे दाखवली पाणचक्की, दर्ग्याच्या आवारातली पाण्यावर चालणारी जुनी पिठाची चक्की. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलेलं. ते उंचावरून पडायचं आणि त्या जोरावर दर्ग्याच्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. मलिक अंबरने शहराला पाणी आणलं तेही असंच नहरीने. समोरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, असं गाइडने सांगितलं आणि आमचे ड्रोनवाले साहेब जागीच थबकले. मग प्रश्नांची सरबत्ती. नळ चोंदले तर? गाळ कोण काढायचं? त्याचा पैसा कुठून यायचा? गाइड गडबडला. "पुढे मशीद बघू," म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. दोन तासांपूर्वी हाच प्रश्न सरपंचताईंनी उत्तरासकट यांच्या हातावर ठेवला होता. दगडी कमानीखाली उभं राहिल्यावर माणसाला देखभाल सुचते, आणि जिथे स्वतःचे पैसे मुरलेत त्या माळावर ड्रोन. पण आयती संधी कोण सोडतो? तिथेच हौदाच्या काठावर मी त्यांना बुजलेल्या चरांचा हिशोब ऐकवला. साहेब मनापासून म्हणाले, "प्रस्ताव पाठवा."

रात्रीच्या आढावा बैठकीत त्यांच्याच हिशोबाच्या मॅडम म्हणाल्या, "दुरुस्तीला आमच्याकडे खर्चाचं हेड नाही. क्षमताबांधणीत, म्हणजे प्रशिक्षणाच्या खर्चात, बसवून पाठवा." साहेबांनी मान डोलावली आणि ताटातलं संपवलं.

त्या दिवसापासून चरातला गाळ क्षमताबांधणीत कसा बसवायचा यावर आमच्या ऑफिसात खल चालू आहे. फावड्यांना प्रशिक्षण साहित्य म्हणता येईल, असं आमच्या अकाउंटंटचं मत पडलं.