स्पेशालिस्टकडे न्यायची वेळ

रविवार, रात्र

“याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं का?” हा प्रश्न घरात आठवडाभर घोळतो, पण नेहमीच्या डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही. त्यांना वाईट वाटेल, अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असा संकोच असतो. या संकोचापायी कुत्र्या-मांजरांचे मोलाचे दिवस वाया जातात, याची फार हळहळ वाटते. म्हणून आज सविस्तर लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की समोरचा आजार आपल्याला वेळ किती देतोय.

काही आजार फक्त तासांचा वेळ देतात, आणि तिथे स्पेशालिस्ट शोधत बसणंच जिवावर बेततं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि वाळू कोरडीच आहे. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालं. पण नराची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बूच तिथे अडकलं की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी जवळचा, उघडा असलेला आणि कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालू शकणारा दवाखाना गाठायचा. वारंवार तुंबू लागलं आणि मार्ग रुंद करायच्या ऑपरेशनचा विचार सुरू झाला, की मग स्पेशालिस्ट सर्जन. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचं पोट टम्म फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण फेसाशिवाय काही बाहेर येत नाही, तर जठराला पीळ पडलाय असं धरूनच निघायचं. नसबंदी न झालेली कुत्री माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. स्राव दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि तो प्रकार जास्त घातक असतो.

डोळा दिवसांचा वेळ देतो, तोही मोजकेच. पग आणि शिह त्झू यांचे डोळे बाहेर आलेले, आणि त्यांच्या बुबुळाला संवेदना कमी, त्यामुळे बरीच जखम होईपर्यंत ते डोळा मिटूनही घेत नाहीत. नेहमीचे डॉक्टर डोळ्याला फ्लुरोसिन रंगाची पट्टी लावतात, जखम असेल तिथे हिरवं चमकतं. साधी वरवरची जखम ड्रॉप्स आणि डोळा खाजवू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर यांवर पाच ते सात दिवसांत भरते. आठवडा झाला आणि हिरवा डाग तेवढाच आहे, तर ड्रॉप्स बदलून आणखी आठवडा घालवू नये. जखम न भरण्यामागे काहीतरी असतंच: आत वळलेली पापणी, बुबुळाला टोचणारा केस, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीमागे रुतलेलं गवताचं कुसळ (पावसाळ्यानंतर आपल्याकडे हे हटकून), नाहीतर कोरडा डोळा. कोरडेपणाची तपासणी साधी आहे. खालच्या पापणीत कागदी पट्टी एक मिनिट धरायची. निरोगी कुत्र्यात ती १५ मिमी किंवा त्याहून जास्त भिजते, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा. ही पट्टी लावलीच नसेल तर आधी ती लावून घ्या.

जखमेचा रंग पांढरट-पिवळा होऊन ती जेलीसारखी मऊ दिसू लागली, की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळ तेव्हा अक्षरशः विरघळत असतं. मागच्या खेपेचे, स्टेरॉईड असलेले ड्रॉप्स घरात पडलेले असतात आणि “डोळाच आहे, घालून बघू” म्हणून ते घातले जातात. स्टेरॉईडने लाली कमी होते, मालकाला बरं वाटतं आणि आत जखम खोल जात राहते. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं दिसलं, तर रंगाची तपासणी झाल्याशिवाय एक थेंबही घालू नका. डोळा अचानक लाल, निळसर, बाहुली मोठी आणि उजेडातही न आकसणारी, असं असेल तर काचबिंदूची शंका घ्यायची. दाब एकदम चढला तर नजर एक-दोन दिवसांत कायमची जाते.

हृदयाच्या आजाराबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण तिथे महिन्यांचा वेळ असतो आणि तो हातात असूनही निसटतो. आठ-दहा वर्षांचा स्पिट्झ, पॉमेरेनियन किंवा डॅशहंड लसीकरणाला येतो, डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणतात, “थोडा मर्मर आहे,” म्हणजे ठोक्यांबरोबर जादा फुसफुस आवाज येतोय. कुत्रा उड्या मारतोय, खातोय, म्हणून गोष्ट तिथेच राहते. तेव्हा एकच विचारायचं: मर्मर सहापैकी कितव्या ग्रेडचा? तीन किंवा वर असेल तर कुत्रा ठणठणीत दिसत असतानाच टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, आणि तोही हृदयाचं काम नेहमी करणाऱ्याकडून. कारण असं: डावीकडची झडप जाड होऊन गळू लागते, रक्त मागे फिरतं, डावा कप्पा ताणत जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ अभ्यासात दिसलं की हृदय मोठं झालंय पण लक्षणं अजून नाहीत, या टप्प्यावर पिमोबेंडान हे हृदयाचं औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर सरासरी १५ महिने पुढे ढकललं जातं. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे केवढे! पण हा फायदा हृदय मोठं झालेल्यांनाच. इकोमध्ये डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) आणि महाधमनी यांचं प्रमाण १.६ किंवा जास्त, आणि वजनाच्या हिशेबात बसवलेला डाव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) व्यास १.७ किंवा जास्त, ही ती रेषा. त्याखाली असेल तर औषध नको, सहा महिने ते वर्षाने पुन्हा इको. म्हणजे कार्डिऑलॉजिस्टकडून घ्यायचे ते हे आकडे. गोळी नंतर नेहमीचे डॉक्टरही चालू ठेवू शकतात.

पुढचं काम घरच्यांचं. कुत्रा गाढ झोपला की छाती वर-खाली झाली म्हणजे एक श्वास, असं ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. धापा टाकताना, उकाड्यात किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही. मिनिटाला ३० च्या आत हवा. बहुतेकांचा त्याहून बराच खाली असतो. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा मोजून कॅलेंडरवर लिहायचं, म्हणजे आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळतो. एकदा ३४ आला तर तासाभराने पुन्हा मोजा. तो ३० च्या वरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ४० च्या वर, मान पुढे ताणून, कोपरं बाहेर काढून बसलाय, आडवा होत नाहीये, हिरड्या निळसर दिसताहेत, तर ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात, रात्रीचे दोन वाजले असले तरी. फुप्फुसात पाणी होतंय हे खोकल्याच्या कितीतरी आधी या आकड्यात दिसतं.

खोकल्यावरून मात्र फसगत होते. पॉमेरेनियनला श्वासनलिका चपटी होण्याचा आजारही असतो. खोकला कोरडा, हंसाच्या आवाजासारखा, पट्टा ओढला किंवा उत्साहात आला की येणारा. मर्मर आणि खोकला दोन्ही आहेत म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू केली आणि फुप्फुसात पाणी नसलं, तर कुत्रा सुकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आधी छातीचा एक्स-रे, मग ठरवणं. मांजर हृदयाच्या आजारात क्वचितच खोकतं. ते तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं तर ती इमर्जन्सी.

आकडीचं थोडक्यात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा २४ तासांत दोन आल्या, तर लगेच दवाखाना. आकडी चालू असताना तोंडात हात घालू नका, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. न्यूरॉलॉजिस्टला त्यातून जे कळतं ते वर्णनातून कळत नाही. पहिली आकडी सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आली, तर एमआरआयचा विचार करावा लागतो. डॅशहंडचे मागचे पाय लुळे पडले तर डॉक्टर बोट चिमट्याने दाबतात. पाय मागे घेतला म्हणून हायसं वाटू देऊ नका; ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने मान वळवली, ओरडला, तरच दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय. ते पोचत नसेल तर मणक्याच्या सर्जनकडे त्याच दिवशी.

उरलेल्या आजारांसाठी माझा नियम सोपा आहे: औषध दोनदा बदललं तरी आजाराला नाव मिळालेलं नाही, तर पुढे जायचं. खाज दर महिन्याला इंजेक्शनने थांबते आणि परत येते, तर त्वचेचे डॉक्टर. गोचीड तापाचा डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पुरा होऊनही प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन घसरतंय, तर मेडिसिनचे डॉक्टर. गळ्याखाली, गुडघ्यामागे गाठी सुजल्या असतील तर सुईने नमुना घेण्याआधी स्टेरॉईड सुरू करू देऊ नका. लिम्फोमा (या गाठींचा कॅन्सर) असला तर निदान अवघड होतं आणि पुढची केमोथेरपीही कमी लागू पडते.

आपल्याकडे पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ लिहिलेलं असतं, म्हणून विचारायचं: एम.व्ही.एससी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) कोणत्या विषयात, मेडिसिन की सर्जरी, आणि ही अमुक तपासणी तुम्ही नेहमी करता का? १८८६ पासून चालत आलेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, तसंच नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीरच्या महाविद्यालयांत हे विभाग आहेत. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटलही सुरू झालं.

जाताना नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्याच. “सर, तुम्ही कोणाकडे पाठवाल?” असं विचारलं की अवघडलेपण तिथेच संपतं, आणि चांगला डॉक्टर स्वतःहून फोनही करतो. रक्ताचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो फारसा कामाचा नसतो. औषधांची नावं मिलिग्रॅमसकट लिहा, बाटल्या सोबत ठेवा. हृदयाच्या आणि आकडीच्या गोळ्या सांगितल्याशिवाय त्या सकाळी बंद करू नका. एमआरआयला भूल लागते, म्हणून उपाशी किती तास ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारा. इकोला सहसा उपाशी ठेवावं लागत नाही.

आणि खर्चाला हो म्हणण्याआधी एक विचारायचं: या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? पंधरा वर्षांचं मांजर, मूत्रपिंडं शेवटच्या टप्प्यावर, गाडीत बसलं की घाबरून तोंड उघडं टाकणारं. त्याला चार तासांचा प्रवास करून सोनोग्राफीला न्यायचं आणि परत येऊन घरी तेच सलाईन लावायचं असेल, तर मी नेणार नाही. फोनवर सल्ला घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडून मळमळीचं औषध आणि कातडीखाली द्यायचं सलाईन सुरू ठेवीन.